पास कोणी दिला?

शाळेचा सामना संपतो. मुलगी घामाने निथळत बाहेर येते, अर्धी बाटली पाणी पिते, उरलेली डोक्यावर ओतते. जाळीबाहेर ताटकळत उभे असलेले आपण, म्हणजे आई, बाबा, आजोबा, मामा, सगळे तिला एकच गोष्ट विचारतो, "किती बास्केट केल्यास?"

मीही तेच विचारत आलो. माझी नात बारा वर्षांची आहे, शाळेच्या संघात आहे, आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा "एक" किंवा "एकपण नाही" असं असतं. गेल्या दिवाळीनंतर तिने उत्तर देणंच सोडलं. "आजोबा, भूक लागली" म्हणून विषय बदलायला शिकली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की प्रश्नच चुकतोय. तो बदला, एवढं सांगायला हे लिहितो आहे. ज्यांची मुलं कुठलाही सांघिक खेळ खेळतात, कबड्डी असो, खो-खो असो, फुटबॉल असो, त्यांनी हे वाचावं. आणि ज्यांची मुलं संघात आहेत पण बाकावरच बसून असतात, त्यांनी तर जरूर वाचावं.

२९ मार्च १९८२. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहरात, साठ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर, कॉलेज बास्केटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना चालला होता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ एका गुणाने मागे, ६१-६२. वीस सेकंदांहूनही कमी वेळ उरलेला. डाव्या बाजूला उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या एका पोराकडे चेंडू आला, त्याने उडी मारली, चेंडू सोडला, आणि ६३-६२. त्या पोराचं नाव मायकल जॉर्डन. पुढचं जगाला ठाऊक आहे. ज्यांनी जन्मात बास्केटबॉल हातात धरला नाही त्यांच्याही पायात आज त्याच्या नावाचे बूट दिसतात.

पण त्याला तो पास कोणी दिला?

जिमी ब्लॅक याने. शेवटच्या वर्षातला मुलगा, संघाचा खेळ मांडून देणारा. समोरचा बचाव एका अंगाला झुकला आहे हे पाहून त्याने चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे टाकला, म्हणून जॉर्डनला टाकायला मोकळी जागा मिळाली. ब्लॅकचं नाव आज चाहत्यांपैकीही फार थोड्यांना सांगता येईल. त्याच्या प्रशिक्षकाला मात्र ते सांगावं लागलं नसतं. त्या प्रशिक्षकाचा नियमच होता की ज्याने बास्केट केली त्याने परत धावताना, तिथल्या तिथे, पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. मैदानातल्या सगळ्यांना दिसेल असं. दाखवलं नाही तर सरावात आठवण करून दिली जायची. जॉन वुडन नावाचे दुसरे मोठे प्रशिक्षक, ज्यांनी दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तेही आपल्या मुलांना पास देणाऱ्याकडे बघून मान हलवायला सांगत. म्हणजे कल्पना एकट्याची नव्हे. पण तिची सवय, आणि सवयीची शिस्त, केली ती ब्लॅकच्या या प्रशिक्षकाने, डीन स्मिथ यांनी.

या स्मिथ सरांची गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण ते स्वतः पास देणाऱ्यांच्याही मागच्या रांगेतले.

जन्म १९३१ चा, कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावातला. आई आणि वडील दोघंही शिक्षक. वडील आल्फ्रेड शाळेच्या संघाचे प्रशिक्षकही होते. १९४९ मध्ये मुलगा कॅन्सस विद्यापीठात गेला तो अभ्यासाची शिष्यवृत्ती घेऊन. विषय गणित. बास्केटबॉलच्या संघात जागा मिळाली, पण ती बहुतेक वेळ बाकावरची. १९५२ मध्ये त्याच्या संघाने सेंट जॉन्सला ८०-६३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्या संघाचा खरा हिरो होता क्लाइड लव्हलेट नावाचा उंचापुरा खेळाडू. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, आणि इंडियानाकडून एका गुणाने हार. दोन वर्षांत दोन अंतिम सामने, आणि दोन्ही वेळा आमचा हा गणिताचा विद्यार्थी बराचसा वेळ बसून बघत होता.

बसून काय बघत होता, हे महत्त्वाचं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर प्रशिक्षक होते फॉग ॲलन. (फॉग हे टोपणनाव. बेसबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहत तेव्हा आवाज जहाजाच्या भोंग्यासारखा लागायचा, त्यावरून पडलेलं.) हे ॲलन कॉलेजात असताना कोणाच्या हाताखाली खेळले? डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्या. म्हणजे १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएमध्ये पीचच्या टोपल्या कठड्याला ठोकून ज्यांनी हा खेळच शोधला, त्यांच्या. नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्ससला आले आणि तिथेच राहिले. गंमत अशी की खेळाच्या या जन्मदात्याचा प्रशिक्षक म्हणून हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा आहे. हा खेळ शिकवता येत नाही, तो नुसता खेळायचा असतो, असं ते ॲलनना म्हणाल्याचं सांगतात. ॲलननी ते ऐकलं नाही, आणि त्याचा फायदा बाकावरच्या मुलाला झाला. आपल्या संगीतातल्या घराण्यांत गायकी गुरूकडून शिष्याकडे येते, तसा नेस्मिथ, ॲलन, स्मिथ आणि पुढे जॉर्डन असा हा सरळ धागा आहे. त्यातला एक दुवा सामन्याच्या वेळी बहुधा ट्रॅकसूट घालून बाकावर बसलेला असे.

म्हणून पालकांनो, पहिली विनंती. मुलाला खेळायला मिळत नाही म्हणून लगेच सरांशी भांडायला जाऊ नका. संघही बदलू नका. आधी घरी विचारा, "बसल्या बसल्या काय बघितलंस?" समोरच्या संघातली कुठली मुलगी फक्त उजव्या हाताने ड्रिबल करते? आपला बचाव कुठल्या कोपऱ्यातून फुटतो? मूल काहीच सांगू शकलं नाही तर तो बाकाचा दोष नाही. आणि सांगू शकलं, तर त्याला एक वही आणि पेन घेऊन द्या.

वहीचं खरंच सांगतो. आपल्याकडच्या शालेय सामन्यांत गुणलेखकाच्या टेबलावर बसायला माणूस मिळत नाही. कोणालातरी धरून बसवतात, आणि तो निम्मा वेळ मोबाइलमध्ये असतो. तुमच्या मुलाला ते काम मागायला सांगा. स्मिथ यांनी वयाच्या पंचविशीतच हिशेबाची एक रीत बसवली होती, ती १९५९ सालच्या एका पुस्तकात छापूनही आली, आणि आज व्यावसायिक बास्केटबॉलमधला हिशेबही बराचसा अशाच मोजणीवर उभा आहे. रीत साधी आहे. एकूण किती गुण झाले हे मोजू नका, चेंडू आपल्या ताब्यात आला त्या प्रत्येक वेळेमागे किती गुण झाले ते मोजा. समजा, चेंडू साठ वेळा आपल्याकडे आला आणि अठ्ठेचाळीस गुण झाले. म्हणजे दर ताब्यामागे पाऊण गुणाच्या थोडं वर. समोरच्या संघाचेही अठ्ठेचाळीसच झाले, पण पन्नास ताब्यांत. गुणफलक म्हणतो बरोबरी. वही म्हणते, तेवढ्याच गुणांसाठी आपल्याला दहा ताबे जास्त लागले. हे गणित सातवीतल्या मुलीला जमतं, मी करून पाहिलं आहे. आणि एकदा हे मोजायला लागलं की आपोआप नजर बास्केट करणाऱ्यावरून उठून चेंडू सांभाळणाऱ्याकडे जाते.

पदवीनंतर स्मिथ यांनी वर्षभर ॲलन यांच्याच हाताखाली मदतनीस म्हणून काम केलं. मग हवाई दल, जर्मनीतली नेमणूक, नंतर हवाई दलाच्या अकादमीत मदतनीस प्रशिक्षक. तिथे बेसबॉल आणि गोल्फही शिकवला. १९५८ मध्ये फ्रँक मग्वायर यांनी त्यांना नॉर्थ कॅरोलायनाला बोलावलं, तेही मदतनीस म्हणूनच. तीन वर्षांनी तिथे वादळ आलं. सामन्यांत पैसे घेऊन गुण कमी-जास्त केल्याची प्रकरणं कॉलेजांतून बाहेर आली, विद्यापीठावर वेगळे नियमभंगाचे ठपके होते, मग्वायर गेले, आणि कुलगुरू विल्यम एकॉक यांनी तीस वर्षांच्या या मदतनीसाला मुख्य खुर्चीवर बसवलं. किती जिंकता यापेक्षा कारभार स्वच्छ ठेवा, असं बजावून. शिक्षा म्हणून सामनेही कमी केलेले. पहिल्या वर्षी सतरा सामने, आठ विजय, नऊ हार.

आता इथे जरा थांबू, कारण आपल्याकडे नेमकं याच ठिकाणी सगळं बिघडतं.

जानेवारी १९६५. स्मिथ यांचं चौथं वर्ष. संघ बाहेरगावी दणदणीत हरून रात्री बसने परतला, तर विद्यापीठाच्या व्यायामशाळेसमोर विद्यार्थ्यांनी झाडाला प्रशिक्षकाचा पुतळा फाशी दिलेला. आपल्याकडे पुढाऱ्यांचे पुतळे जाळतात, तसाच प्रकार. बिली कनिंगहॅम नावाचा खेळाडू बसमधून उडी टाकून धावला आणि त्याने तो ओढून काढला. विद्यापीठाने प्रशिक्षकाला काढलं नाही. १९६७ मध्ये स्मिथ यांचा संघ पहिल्यांदा शेवटच्या चारांत गेला. १९८१ पर्यंत सहा वेळा तिथवर जाऊन रिकाम्या हाताने परतला. विजेतेपद आलं १९८२ मध्ये, एकविसाव्या वर्षी.

एकविसावं वर्ष! आपल्याकडे उन्हाळी शिबिरात टाकलेलं पोर ऑगस्टपर्यंत जिल्ह्याच्या संघात दिसलं नाही तर अकादमी बदलली जाते. शाळेचे सर तीन वर्षं उपांत्य फेरीत हरले तर संस्थाचालक नवे सर शोधतात, आणि पालक व्हॉट्सॲपच्या गटात कुजबुज सुरू करतात. एका शाळेच्या मैदानावर मी स्वतः बारा वर्षांच्या मुलांसमोर एका वडिलांना सरांच्या अंगावर ओरडताना ऐकलं आहे. त्यांचा मुलगा जवळच उभा होता, बुटाची नाडी पुन्हा पुन्हा सोडत आणि बांधत. प्रशिक्षक चांगला की वाईट हे पाहायला तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, पण पाहायचं काय ते ठरवा. मुलांना तो नावाने ओळखतो का? चूक झाल्यावर सांगतो की घालून पाडून बोलतो? दुखापत लपवायला लावतो का? शेवटचं उत्तर 'हो' असेल तर मात्र त्याच दिवशी मूल काढून घ्या, तिथे धीराची गोष्ट सांगू नका.

दमणं आणि दुखणं याबद्दल स्मिथ सरांची एक पद्धत मला फार आवडते. त्यांच्या संघात खेळाडू दमला की मूठ वर करायचा. सर त्याला लगेच बाहेर घ्यायचे. श्वास खाली बसला की तो स्वतःच सांगून परत आत जाऊ शकायचा. पण मूठ न दाखवता दमलेला खेळत राहिला आणि सरांच्या नजरेला आलं, तर त्याला ते बाहेर काढायचे आणि परत कधी पाठवायचं ते मग तेच ठरवायचे. यातली खुबी बघा. खरं बोलणाऱ्याला त्याची जागा परत मिळते, लपवणाऱ्याची जाते. आपण उलट करतो. "दमलीस? एवढ्यात?" म्हणून हसतो. मग मुलगी मुरगळलेल्या पायावर पूर्ण सामना खेळते आणि दोन महिने घरी बसते. घरात मूठ वर करायची सोय ठेवा. खेळापुरतीच नाही, दहावीच्या वर्षालाही ती लागते.

बाहेर येणाऱ्या खेळाडूसाठी बाकावरच्या सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवायच्या, हाही त्यांचा नियम. सत्तरच्या दशकात त्यांनी राखीव मुलांतल्याही राखीवांचा एक वेगळा पाचांचा गट केला होता, त्याला निळा संघ म्हणत. सामना चालू असताना ते पाचही जण एकदम आत जायचे, एक-दोन मिनिटं जीव तोडून खेळायचे, आणि मुख्य खेळाडूंना दम घ्यायला वेळ मिळायचा. घरच्या मैदानावरच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या वर्षाची मुलं सुरुवातीला उतरायची, मग त्यातला एखादा वर्षभर बाकावर का बसलेला असेना. आपल्या क्रीडाशिक्षकांना माझं हात जोडून सांगणं आहे की एवढी एक गोष्ट उचला. दहावीची मुलं जूननंतर परत येणार नाहीत. वीस गुणांनी पुढे असताना तरी त्यांना आत सोडा. क्रीडागुणांच्या अर्जावर नाव आलं म्हणजे ते मूल खेळलं असं होत नाही, आणि ते त्याला माहीत असतं.

जॉर्डनलाही याच शिस्तीतून जावं लागलं. १९८१ च्या हंगामाआधी एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाला मुखपृष्ठावर नॉर्थ कॅरोलायनाचे पाचही खेळाडू हवे होते. स्मिथ यांनी चारच दिले. पाचवा पहिल्या वर्षाचा होता, त्याने अजून कॉलेजचा एकही सामना खेळलेला नव्हता, म्हणून नाही. आज आपल्याकडे दहा वर्षांच्या पोराचे रील करून त्याखाली 'उद्याचा सुपरस्टार' लिहिणाऱ्या बापांनी हे साप्ताहिक डोळ्यांसमोर आणावं. चार मुलांचं मुखपृष्ठ, आणि पाचवा मायकल जॉर्डन घरी.

याच स्मिथ यांनी तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, जॉर्डनला कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून व्यावसायिक संघात जा असा सल्ला दिला. स्वतःच्या संघाचं सरळसरळ नुकसान करून. त्याआधी जेम्स वर्दी आणि बॉब मॅकडू यांनाही त्यांनी असंच वेळेवर जाऊ दिलं होतं. जॉर्डनने परत येऊन १९८६ मध्ये भूगोलाची पदवी पुरी केली. स्मिथ यांच्या खेळाडूंपैकी साधारण ९६ टक्के पदवीधर झाले असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. आपल्याकडे "खेळ की अभ्यास" हा वाद नववीपासून घराघरात पेटतो, तेव्हा हा आकडा कोणीतरी जेवणाच्या टेबलावर ठेवायला हरकत नाही.

माणूस देव नव्हता. बरीच वर्षं सिगरेट ओढत होता, ती १९८८ मध्ये सोडली. आणि खेळाच्या बाबतीत त्यांचा एक डाव बघणाऱ्याला अगदी नकोसा करायचा. चार खेळाडू चार कोपऱ्यांत, एक मध्ये, आणि आघाडी घेतली की चेंडू नुसता फिरवत राहायचा. तेव्हा किती वेळात चेंडू टाकायचा याचं बंधन नव्हतं. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठाविरुद्ध त्यांच्या संघाने हा वेळकाढूपणा इतका ताणला की मध्यंतराला ड्यूक ७, नॉर्थ कॅरोलायना ०. वाचताना चूक झाली नाही, शून्यच. सामना ४७-४० असा हरले. म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात चाळीस-चाळीस. नीट खेळले असते तर काय झालं असतं, हे त्यांनाही रात्री जाणवलं असेल. पुढे कॉलेजच्या खेळात वेळेचं घड्याळ आलं, त्यामागे या कंटाळवाण्या हुशारीचाही हात होता. आणखी एक विनोद त्यांच्यावर कायम व्हायचा, की मायकल जॉर्डनला सरासरी वीस गुणांच्या आत रोखणारा एकच माणूस झाला, त्याचा प्रशिक्षक. कॉलेजातली जॉर्डनची एकूण सरासरी १७.७ आहे, तेव्हा विनोद अगदीच खोटा नाही.

आता डीन यांच्या वडिलांकडे, आल्फ्रेड स्मिथ यांच्याकडे, परत जायला हवं. १९३४ च्या त्यांच्या शाळेच्या संघात पॉल टेरी नावाचा कृष्णवर्णीय मुलगा होता. त्या काळात त्याला वगळा म्हणणारे पुष्कळ होते. मास्तरांनी त्याला संघात ठेवलं, आणि त्या वर्षी एम्पोरियाने राज्याचं विजेतेपद जिंकलं. डीन तेव्हा तीन वर्षांचे. मोठेपणी कोणी त्यांना समतेचं व्याख्यान दिलं असेल म्हणून ते पुढे जसे वागले तसे वागले असं मला वाटत नाही. चॅपेल हिल या विद्यापीठाच्या गावात ते नवे मदतनीस होते तेव्हाची हकीगत आहे. जिथे संघ नेहमी जेवायला जायचा त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना वाढत नसत. स्मिथ आपल्या चर्चचे धर्मगुरू आणि एक कृष्णवर्णीय विद्यार्थी यांना घेऊन आत जाऊन बसले. वाढलं गेलं. पुढे अनेक वर्षांनी एका पत्रकाराला ही गोष्ट धर्मगुरूंकडून कळली, तेव्हा स्मिथ नाराज झाले. योग्य ते केलं याचा कोणी अभिमान मिरवू नये, ते फक्त करावं, असं त्यांचं म्हणणं. १९६६ मध्ये त्यांनी चार्ली स्कॉटला आणलं, त्या विद्यापीठात खेळाची शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

हे इथे कशाला? आपल्या गावच्या संघात कोणाला पास मिळत नाही ते एकदा नीट बघा, म्हणून. आडनावावरून, वस्तीवरून, बुटांच्या किमतीवरून चेंडू कोणाकडे जात नाही ते. मुलं हे आपल्याकडूनच उचलतात.

स्मिथ यांच्या हाताखाली किती प्रशिक्षक तयार झाले त्याची यादी देत नाही, एकाचंच सांगतो. रॉय विल्यम्स हा मुलगा नॉर्थ कॅरोलायनाच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळला, पुढे मोठ्या संघात जागा झाली नाही. मग तो सरावाला येऊन बसायचा, टिपणं काढायचा, सामन्यांचे आकडे लिहायचा. शाळेत शिकवू लागला. १९७८ मध्ये स्मिथ यांनी त्याला अर्धवेळ मदतनीस म्हणून बोलावलं, वर्षाचा पगार २७०० डॉलर. घर चालवायला तो संघाची कॅलेंडरं विकायचा आणि रविवारी सामन्याच्या टेप गाडीने टीव्ही केंद्रांवर पोचवायचा. दहा वर्षांनी कॅन्ससचा मुख्य प्रशिक्षक झाला, म्हणजे बघा, स्मिथ जिथे बाकावर बसले होते तिथेच. पुढे नॉर्थ कॅरोलायनाला परतून त्याने २००५, २००९ आणि २०१७ अशी तीन विजेतेपदं मिळवली, गुरूपेक्षा एक जास्त.

प्रत्येक राखीव मूल रॉय विल्यम्स होणार नाही. बहुतेक होणार नाहीत, बँकेत जातील, दुकान चालवतील, कोणी न्यू जर्सीत जाऊन शनिवारी आपल्या पोरांच्या संघाला फुकट शिकवेल. तेही चालेल. खेळ सोडल्यावर खेळातलं काय उरतं ते या वयात ठरतं, आणि त्यात आपण जाळीबाहेरून काय ओरडतो याचा वाटा मोठा आहे.

स्मिथ १९९७ मध्ये थांबले तेव्हा त्यांच्या नावावर ८७९ विजय होते, तोवरचा सर्वांत मोठा आकडा, आणि दोन राष्ट्रीय विजेतेपदं. हयातीतच त्यांच्या नावाचं प्रचंड स्टेडियम उभं राहिलं होतं, आणि नाव द्यायला त्यांची तयारीच नव्हती. ज्यांना हजारो माणसांची नावं, त्यांच्या आईवडिलांची नावं पाठ, त्यांना म्हातारपणी स्मृतिभ्रंशाने गाठलं. २०१० मध्ये घरच्यांनी ते जाहीर केलं. ७ फेब्रुवारी २०१५ ला ते गेले. पुढच्या महिन्यात त्यांच्या जुन्या खेळाडूंना, सुमारे १८० जणांना, टपालाने एकेक पाकीट आलं. मृत्युपत्राप्रमाणे प्रत्येकाला दोनशे डॉलरचा धनादेश, सोबत निरोप की सरांकडून एकदा बाहेर छान जेवून या. जॉर्डन असो की बाकावरचा, रक्कम एकच.

तेव्हा येत्या शनिवारी सामन्याला जाल तेव्हा गाडीत बसल्या बसल्या विचारा, "तुला पास कोणी दिला?" आणि "तू कोणाला दिलास?" नावं विचारा. त्या मुलींना पुढच्या वेळी नावाने हाक मारा. मी हे गेले तीन महिने करतो आहे. नातीच्या संघातल्या अकराही मुली आता मला ठाऊक आहेत, आणि त्यांतल्या चौघी मला आजोबा म्हणतात.

बोट दाखवायची गोष्ट मी नातीला सांगितली तेव्हा तिने लगेच फट पकडली. "आजोबा, पण पास चांगला आला आणि माझ्याकडून बास्केट हुकली तर?"

मग तिला बॉबी जोन्सचं सांगितलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो स्मिथ यांच्याकडे होता. एकदा सुंदर पास आला, रिंगच्या खालूनच टाकायचं होतं, आणि जोन्सकडून हुकलं. परत धावताना त्याने तरीही पास देणाऱ्याकडे बोट दाखवलं. स्मिथ यांनी ते पाहिलं, आणि त्यानंतर नियमच झाला की बास्केट हुकली तरी बोट दाखवायचं.

नात जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तर माझा हात पूर्ण मॅचभर वरच राहील."

आम्ही वडापाव घ्यायला थांबलो.